पडद्यापलीकडचा रुग्ण : महासाथीतील मानसिक आघात आणि व्यक्तिमत्त्व विकारांवरील उपचार

मानसिक आघातातून होणारा ताणविकार आणि व्यक्तिमत्त्व विकार या दोन्हींवरचा मुख्य उपचार बोलणे हा आहे. गोळ्यांचे स्थान दुय्यम. अर्थात हे कुणाशीही, कसेही केलेले बोलणे नव्हे. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, दार लावून घेतलेल्या खोलीत, प्रशिक्षित माणसासमोर बसून महिनोन्महिने ते चालते. कोविडच्या साथीमुळे २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली आणि ती खोली, तो वार, ती वेळ सगळेच एका रात्रीत गेले. औषधांची दुकाने उघडी असल्याने मधुमेहाच्या रुग्णाला गोळ्या मिळत राहिल्या. ज्याचे औषध म्हणजेच समोर बसलेला माणूस, त्याची सोय कशी लावायची हा पेच त्या वसंतात जगभरच्या मनोविकारतज्ज्ञांपुढे एकदमच उभा राहिला.

हे दोन विकार एकत्र घेण्याला कारण आहे. १९८० साली अमेरिकी मानसोपचार संघटनेने आपल्या निदान-पुस्तिकेची तिसरी आवृत्ती काढली, तेव्हा आघातोत्तर ताणविकार, म्हणजे पीटीएसडी, आणि बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार ही दोन्ही निदाने त्यात पहिल्यांदा दाखल झाली. पीटीएसडीत भूतकाळ मागे पडत नाही. अपघात, बलात्कार, दंगल, युद्ध यांतून वाचलेल्या माणसाला तो प्रसंग नुसता आठवत नाही, तो पुन्हा घडतो. वास, आवाज, घाम, धडधड यांसकट. मग तो त्या आठवणीकडे नेणारे रस्ते, माणसे, विषय टाळू लागतो. झोप उडते, दचकणे वाढते, आपण वाईट आहोत किंवा जग धोक्याचे आहे अशी ठाम समजूत मनात बसते. आघातानंतरचे पहिले काही आठवडे असे होणे स्वाभाविक असते आणि बहुतेक जण त्यातून आपसूक बाहेर येतात. महिना उलटूनही हे चालूच राहिले आणि रोजचे जगणे विस्कटले, तरच निदान केले जाते.

व्यक्तिमत्त्व विकाराचे तसे नसते. तो एखाद्या प्रसंगानंतर सुरू होत नाही. स्वतःकडे आणि इतरांकडे पाहण्याची, नाती जोडण्याची आणि तोडण्याची रीतच किशोरवयापासून अशी घडत जाते की माणूस स्वतः पोळतो आणि जवळच्यांनाही पोळवतो. या विकारांचे बरेच प्रकार सांगितले जातात. उपचारांसाठी जो सर्वांत जास्त येतो आणि ज्यावर सर्वांत जास्त संशोधन झाले आहे तो बॉर्डरलाइन. सर्वसाधारण लोकसंख्येत त्याचे प्रमाण एक ते दोन टक्क्यांच्या आसपास मानले जाते. भावनांचा चढउतार तासागणिक, कुणी सोडून जाईल याची भीती टोकाची, आज देव वाटलेला माणूस उद्या वैरी, आतून कायमची पोकळी, आणि ते सगळे असह्य झाले की हातावर ब्लेड किंवा गोळ्यांची अख्खी पट्टी. अशा रुग्णांना ‘नाटकी’ म्हणून मोडीत काढण्याची सवय घरच्यांना असते, तशीच ती रुग्णालयांनाही असते. प्रत्यक्षात हा विकार समजला जातो तितका चिवट नाही. अमेरिकेतील मॅक्लीन रुग्णालयात मेरी झॅनारिनी यांनी १९९० च्या दशकात रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा सुरू केला. दहा वर्षांत त्यांतल्या ९३ टक्के रुग्णांची लक्षणे ओसरली आणि किमान दोन वर्षे ओसरलेलीच राहिली. नोकरी, नाती आणि मन:स्वास्थ्य अशा सर्व अंगांनी सावरलेले मात्र निम्मेच होते.

दोन्ही विकारांच्या सीमेवर मोठी गर्दी आहे. बॉर्डरलाइनच्या अनेक रुग्णांचे बालपण मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा साध्या दुर्लक्षात गेलेले असते. सगळ्यांचे नव्हे, आणि हे सांगणे गरजेचे आहे, कारण प्रत्येक रुग्णाच्या मागे एखादा दडलेला अत्याचार शोधत बसण्याची घाई काही उपचारकांना होते. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये मांडले, की एका प्रसंगाचा आघात आणि वर्षानुवर्षे घरातच सोसलेला आघात एकाच मापाने मोजता येत नाहीत. दुसऱ्याने माणसाची घडणच बदलते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात त्यांचे म्हणणे ‘कॉम्प्लेक्स पीटीएसडी’ या निदानाच्या रूपाने मान्य झाले. हे वर्गीकरण १ जानेवारी २०२२ रोजी, म्हणजे महासाथ चालू असतानाच, लागू झाले. त्यात व्यक्तिमत्त्व विकारांची जुनी पेटी-पेटी मांडणीही मोडीत काढून सौम्य, मध्यम आणि तीव्र अशी चढण ठेवली आहे.

महासाथ हाच एक आघात होता का? भीती सर्वांनाच वाटली, पण निदानाच्या दृष्टीने भीती पुरेशी नसते. प्रत्यक्ष मृत्यू, मृत्यूशी गाठ, गंभीर इजा किंवा लैंगिक हिंसा साधारणपणे स्वतः अनुभवलेली किंवा डोळ्यांसमोर घडलेली असावी लागते. बातम्या पाहून झोप उडालेल्याला चिंताविकार असू शकतो, पीटीएसडी नव्हे. अतिदक्षता विभागातून जिवंत परतलेल्यांची गोष्ट वेगळी. नाकातोंडात नळ्या, बांधलेले हात, चेहरा नसलेली पांढऱ्या पोशाखातली माणसे आणि ज्वराच्या भ्रमात दिसलेली भयंकर दृश्ये हे सारे त्यांच्याबरोबर घरी आले. रोमच्या जेमेली रुग्णालयाने कोविडमधून बऱ्या झालेल्या ३८१ जणांची तपासणी केली, तेव्हा त्यांतल्या ३० टक्क्यांत पीटीएसडी आढळला. खाटेच्या अलीकडे उभे असलेलेही सुटले नाहीत. इंग्लंडमधील नऊ अतिदक्षता विभागांतल्या ७०९ कर्मचाऱ्यांच्या पाहणीत सुमारे ४० टक्के जणांची उत्तरे पीटीएसडीकडे बोट दाखवणारी होती. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, पुरवठा थांबला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. त्या वेळी खाटेशेजारी असलेल्या नातेवाइकांनी जे पाहिले, ते आघाताच्या कुठल्याही व्याख्येत बसते.

नव्या रुग्णांची ही भर एकीकडे, आणि आधीपासून उपचारांत असलेल्यांचे हाल दुसरीकडे. या दुसऱ्या गटाची अडचण अधिक गुंतागुंतीची होती, कारण महासाथीचे नियम आणि त्यांच्या आजाराची लक्षणे एकसारखीच दिसू लागली. पीटीएसडी टिकून राहतो तो मुख्यतः टाळण्यामुळे. लोकलमध्ये स्फोट अनुभवलेला माणूस लोकल टाळतो, मग स्थानक, मग गर्दी, शेवटी घराबाहेर पडणेच. टाळले की तात्पुरता जीव भांड्यात पडतो, आणि म्हणूनच टाळण्याची सवय घट्ट होते. त्याला हळूहळू गर्दीकडे परत नेणे हा उपचाराचा कणा असतो. मार्च २०२० मध्ये सरकार, दूरचित्रवाणी, पोलीस आणि शेजारी सगळे एका सुरात सांगू लागले, की बाहेर पडू नका, गर्दीत जाऊ नका, कुणाला शिवू नका. वर्षभर खपून जी सवय सोडवत आणली होती, ती आता नागरी कर्तव्य ठरली. अशा रुग्णांना टाळेबंदीत बरेच बरे वाटले. माणसांना बिचकून राहणारे, टाळण्याच्या वृत्तीच्या व्यक्तिमत्त्व विकाराचे रुग्णही पहिले काही महिने खुशीत होते. ते बरे होत नव्हते. आजाराला फक्त सुट्टी मिळाली होती. टाळेबंदी शिथिल झाल्यावर ते दिसून आले.

बॉर्डरलाइनच्या रुग्णांना सुट्टीही मिळाली नाही. एकटेपणा हे त्यांचे सर्वांत दुखरे स्थान. त्यांना निर्विकार चेहरासुद्धा रागावलेला किंवा नकार देणारा वाटतो, हे अनेक प्रयोगांतून दिसले आहे. त्यात सगळ्या शहराने मुखपट्टी लावली, चेहऱ्याचा निम्मा भाग दिसेनासा झाला आणि उरलेल्या डोळ्यांतून अर्थ काढायची वेळ आली. कॉलेज, कट्टा, नोकरी, व्यायामशाळा अशा भावनांचा निचरा होण्याच्या वाटा बंद झाल्या. उरले घर. आणि ज्या घरात हा आजार घडला, अनेकांना त्याच घरात चोवीस तास कोंडून राहावे लागले.

घरातला धोका काल्पनिक नव्हता. राष्ट्रीय महिला आयोगाकडे २०२० मध्ये २३ हजारांहून अधिक तक्रारी आल्या. सहा वर्षांतला तो उच्चांक होता, आणि त्यांतल्या जवळपास पाव तक्रारी कौटुंबिक हिंसेच्या होत्या. आयोगाने १० एप्रिल २०२० रोजी व्हॉट्सअ‍ॅपचा खास क्रमांक सुरू केला. त्यामागचे कारण बोलके आहे. मारणारा त्याच खोलीत असताना फोनवर बोलता येत नाही. न बोलता टाइप मात्र करता येते. आघाताच्या उपचारांचा पहिला नियम असा, की धोका चालू असताना जुन्या आठवणी उकरायच्या नाहीत; आधी माणूस सुरक्षित करायचा. टाळेबंदीत हा नियम पाळायचा कसा, याला कुठल्याही पाठ्यपुस्तकात उत्तर नव्हते.

उपचार फोनवर आणि संगणकाच्या पडद्यावर हलवणे एवढाच मार्ग होता. टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. तोवर भारतात डॉक्टरने फोनवरून औषध लिहून देणे कायद्याच्या धूसर पट्ट्यात होते. मानसोपचारांसाठी वेगळी नियमावली बंगळूरुच्या निम्हान्स संस्थेने भारतीय मनोविकारतज्ज्ञांची संघटना आणि टेलिमेडिसिन सोसायटी यांच्या साथीने २०२० मध्येच काढली. काही औषधांना तरीही मज्जाव राहिला. अमली व मनोप्रभावी पदार्थांच्या कायद्याखाली येणारी बहुतेक औषधे दूरसल्ल्यावरून देता येत नाहीत. फोनवरच्या समुपदेशनाची थोडी सवय देशात आधीपासून होती. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ ही सेवा २०१२ पासून फोन आणि ईमेलवर चालत आली आहे. मात्र संकटातल्या माणसाला धीर देणे वेगळे आणि व्यक्तिमत्त्व विकारावर वर्षभराचा उपचार पडद्यावरून करणे वेगळे.

पडद्यावरच्या सत्राची पहिली पाच मिनिटे कशी जातात, यावरून सगळा फरक लक्षात येतो. दवाखान्यात रुग्ण आला की तो कुठे आहे हे विचारावे लागत नाही. पडद्यावर पहिला प्रश्न तोच : या क्षणी तुम्ही नेमके कुठे आहात, पत्ता सांगा. कारण सत्र चालू असताना रुग्णाने स्वतःला इजा केली, तर मदत पाठवायची ती पत्त्यावर. मग घरात आणखी कोण आहे, ऐकू जाईल का, दाराला कडी आहे का, हेडफोन आहे का. मग जवळच्या एका माणसाचा क्रमांक, ज्याला गरज पडली तर फोन करायला रुग्णाची आधीपासून परवानगी असेल. मग फोन तुटला तर कुणी कुणाला आणि किती मिनिटांत लावायचा. शेवटी एक सांकेतिक वाक्य ठरते. रुग्ण मध्येच ‘गॅस सिलिंडरचं नंतर बघू’ म्हणाला, की कुणीतरी खोलीत आले आहे असे समजून उपचारकाने विषय हवापाण्यावर न्यायचा. एवढी तयारी झाल्यावर मूळ बोलणे सुरू.

दोन खोल्यांच्या घरात पाच माणसे राहतात, तिथे बंद दाराची खोली मुळात नसतेच. अनेकांची सत्रे गच्चीवर, जिन्यात, इमारतीखाली उभ्या केलेल्या गाडीत आणि न्हाणीघरात नळ सोडून पार पडली. ज्यांच्याकडे स्वतःचा फोन नव्हता त्यांना तेवढेही जमले नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार स्वतः वापरायचा मोबाइल असलेल्या स्त्रिया देशात सुमारे ५४ टक्के होत्या. उरलेल्यांपर्यंत दूर-उपचार पोहोचायचे ते नवऱ्याच्या, दिराच्या किंवा मुलाच्या फोनमधून, म्हणजे बहुतेक वेळा पोहोचायचेच नाहीत. ऑनलाइन मानसोपचाराचे गोडवे गाताना ही बाजू सहसा सांगितली जात नाही.

पडद्याने संवादाचा पोतही बदलला. समोरासमोर बसलेला उपचारक रुग्णाचा हलणारा पाय, आवळलेली मूठ, पूर्ण बाह्यांच्या सदऱ्याखालची ताजी जखम पाहू शकतो. पडद्यावर फक्त चेहरा दिसतो, तोही उजेड असेल तर. डोळ्यांत डोळे घालणे अशक्य, कारण डोळ्यांकडे पाहिले की कॅमेऱ्याकडे दुर्लक्ष होते. रुग्णाला स्वतःचाच चेहरा कोपऱ्यात तासभर दिसत राहतो, आणि ज्याला स्वतःची किळस वाटते त्याला ते सोसत नाही. म्हणून ती चौकट झाकून ठेवायला शिकवावे लागले. सर्वांत मोठी अडचण नेटवर्कची. सोडून जाण्याच्या भीतीने ग्रासलेला रुग्ण बालपणीची एखादी गोष्ट पहिल्यांदाच सांगत असतो आणि उपचारकाचा चेहरा गोठतो, आवाज जातो. इतरांना ती तांत्रिक अडचण वाटेल. त्याला वाटते, हाही कंटाळून गेला. अनुभवी उपचारकांनी यातूनच काम साधले. परत जोडणी झाल्यावर पहिला प्रश्न ‘कुठपर्यंत आलो होतो?’ असा नसे. ‘मी दिसेनासा झालो तेव्हा तुमच्या मनात काय आले?’ असा असे. लंडनमध्ये अँथनी बेटमन आणि पीटर फोनागी यांनी बॉर्डरलाइनसाठी जी पद्धत विकसित केली, तिचा गाभा हाच आहे : दुसऱ्याच्या मनात काय चालले असेल याबद्दल आपण काढलेला निष्कर्ष म्हणजे वस्तुस्थिती नव्हे, हे रुग्णाने पुन:पुन्हा तपासून पाहायचे.

आघाताची आठवण पडद्यावरून हाताळावी की नाही, यावर सुरुवातीला मतभेद होते. हर्मन यांच्या मांडणीत उपचारांचे तीन टप्पे आहेत : सुरक्षितता, आठवण व शोक, आणि मग जगाशी पुन्हा नाते जोडणे. त्यावर बोट ठेवून पुष्कळ उपचारकांनी पहिल्या टप्प्यावरच थांबायचे ठरवले. महासाथ संपू दे, मग आठवणींना हात लावू. ही सावधगिरी काही रुग्णांबाबत रास्त होती, पण सरसकट नव्हती. महासाथीआधीच अमेरिकेतील माजी सैनिकांवर झालेल्या चाचण्यांत दिसले होते, की आठवणीला थेट भिडणारे उपचार व्हिडिओवरून दिले तरी परिणाम समोरासमोरच्या उपचारांपेक्षा कमी पडत नाहीत. एडना फोआ यांच्या पद्धतीत रुग्ण डोळे मिटून तो प्रसंग वर्तमानकाळात, तपशिलासह सांगतो, तेच ध्वनिमुद्रण रोज ऐकतो आणि टाळलेल्या जागी पायरीपायरीने परत जातो. पॅट्रिशिया रेझिक यांच्या बारा सत्रांच्या पद्धतीत भर असतो ‘चूक माझीच होती’ यासारख्या समजुती कागदावर मांडून तपासण्यावर, त्यामुळे ती व्हिडिओवर सहज बसली.

फ्रान्सिन शापिरो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस पुढे आणलेल्या ईएमडीआर पद्धतीत रुग्ण आठवण मनात धरून उपचारकाच्या हलत्या बोटांमागे डोळे फिरवतो. छोट्या पडद्यावर बोटे नीट दिसत नाहीत. तेव्हा कामी आली मेक्सिकोतली एक जुनी युक्ती. १९९७ च्या पॉलीन चक्रीवादळातून अकापुल्कोमध्ये वाचलेल्यांबरोबर काम करताना ती वापरात आली. हात छातीवर फुलीसारखे ठेवायचे, अंगठे एकमेकांत अडकवायचे आणि तळव्यांनी आलटून पालटून हलकेच थापट्या मारत राहायचे, उजवी, डावी, उजवी, डावी. रुग्ण हे स्वतःच करतो, त्यामुळे उपचारक शेकडो किलोमीटर दूर असला तरी अडत नाही. डोळे फिरवण्याने किंवा थापट्यांनी नेमके काय साधते यावर संशोधकांत अजून वाद आहे. या पद्धतीने रुग्ण सुधारतात यावर तो फारसा नाही.

अडखळले ते टाळलेल्या जागी प्रत्यक्ष परत जाणे. बाजार बंद, लोकल बंद, देऊळ बंद. इथे उपचारकाला रुग्णाबरोबर बसून दोन याद्या वेगळ्या कराव्या लागत. मुखपट्टी लावून कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणणे नियमात बसते, मग ते टाळले जात असेल तर ते आजाराचे. लग्नाच्या गर्दीत न जाणे नियमाचे. दिवसातून चाळीस वेळा कडी तपासणे विषाणूशी संबंधित नाही. आणि हीच छाननी नियम बदलले की नव्याने करावी लागे, कारण ‘मिशन बिगिन अगेन’ या टाळेबंदी शिथिल करण्याच्या मोहिमेपासून २०२१ च्या दुसऱ्या टाळेबंदीपर्यंत महाराष्ट्रात नियम किती वेळा फिरले याचा हिशोब सामान्य माणसालाही ठेवता आला नव्हता.

या सर्व गोंधळात एक उपचारपद्धत जवळपास तयार होऊन बसली होती. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनहन यांची डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी, म्हणजे डीबीटी, १९९१ पासून चाचण्यांत सिद्ध होत आली आहे. बॉर्डरलाइनवर, विशेषतः स्वतःला इजा करणाऱ्यांवर, तिच्याइतका पुरावा दुसऱ्या पद्धतीमागे क्वचितच आहे. लिनहन स्वतः किशोरवयात अशाच कारणांसाठी दोन वर्षांहून अधिक काळ रुग्णालयात होत्या. हे त्यांनी जाहीरपणे सांगितले ते २०११ मध्ये, त्याच रुग्णालयाच्या आवारात. डीबीटीचे चार भाग असतात : वैयक्तिक सत्र, कौशल्यांचा गटवर्ग, उपचारकांची आपसांतली बैठक आणि फोन. हा चौथा भाग तिच्यात पहिल्यापासून होता. रुग्णाने संकटाच्या क्षणी उपचारकाला फोन करायचा, पण इजा करण्याआधी. इजा करून झाल्यावर पुढचे चोवीस तास, जिवाला धोका नसेल तर, फोन करता येत नाही. वरवर निष्ठुर वाटणाऱ्या या नियमामागे तर्क आहे : इजा केल्यावर आधाराचा फोन मिळत गेला, तर इजाच आधार मिळवण्याचा मार्ग बनते. फोन असतो दहा मिनिटांचा आणि त्यात बालपणाची चर्चा होत नाही. आत्ता या घटकेला कुठले कौशल्य वापरायचे तेवढेच ठरते.

त्यांतले एक कौशल्य टाळेबंदीत कुठल्याही स्वयंपाकघरात जमण्यासारखे होते. भावनेचा उद्रेक टिपेला पोहोचला की विचार करून उपयोग नसतो, तेव्हा शरीराकडून सुरुवात करायची. पसरट भांड्यात गार पाणी घ्यायचे, असल्यास बर्फ टाकायचा, श्वास रोखून डोळे आणि गाल बुडतील असा चेहरा त्यात तीसएक सेकंद धरायचा. पाण्यात बुडी मारताना शरीर जी प्रतिक्रिया देते तीच इथे मिळते. हृदयाचे ठोके मंदावतात आणि उद्रेकाची धार काही मिनिटे बोथट होते. तेवढी मिनिटे ब्लेडपासून दूर राहायला पुरतात. हृदयविकार असलेल्यांना किंवा उपाशी राहण्याचा विकार असलेल्यांना ही युक्ती डॉक्टरला विचारल्याशिवाय सांगत नाहीत. गटवर्ग ऑनलाइन आल्यावर काही जणांची हजेरी उलट सुधारली, कारण प्रवास वाचला. मात्र कॅमेरा बंद ठेवून हजेरी लावणेही सोपे झाले.

औषधांचे स्थान या विकारांत मर्यादित आहे. पीटीएसडीत नैराश्यावरची काही औषधे उपयोगी पडतात. बॉर्डरलाइनवर खास असे औषध नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००९ मध्येच केवळ या विकारासाठी औषधे देऊ नयेत असे सांगितले होते. तरी बहुतेक रुग्ण दोन-तीन गोळ्यांवर असतातच. टाळेबंदीत फेऱ्या वाचाव्यात म्हणून अनेक ठिकाणी दोन-तीन महिन्यांची औषधे एकदम दिली गेली. रक्तदाबाच्या रुग्णासाठी ही सोय होती. ज्याने आधी गोळ्यांचा ढीग गिळून जीव देण्याचा प्रयत्न केला आहे, त्याच्या कपाटात मात्र तो धोकाच. जागरूक डॉक्टर आठवड्यापुरत्याच गोळ्या रुग्णाकडे आणि उरलेल्या नातेवाइकाकडे ठेवायला सांगत. ग्रामीण महाराष्ट्रात हीच काळजी कीटकनाशकाच्या डब्याबाबत घ्यावी लागते. आत्महत्येचा आवेग बऱ्याचदा थोडा वेळ टिकतो, आणि त्या वेळात हाताशी काय आहे यावर जीव जातो की वाचतो हे ठरते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार भारतात २०२० मध्ये १,५३,०५२ आणि २०२१ मध्ये १,६४,०३३ आत्महत्या नोंदल्या गेल्या. दोन्ही वर्षी राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. यांतल्या किती या दोन विकारांमुळे झाल्या हे त्या नोंदींतून कळत नाही. एवढे खरे, की २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याला शिक्षेतून वगळले आहे. तरीही पोलीस केसच्या भीतीने अनेक कुटुंबे रुग्णाला सरकारी दवाखान्यात न्यायला कचरतात. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालये मुख्यतः तीव्र मनोविकारांसाठी बांधलेली. आठवड्याला तासभर बोलण्याचा उपचार तिथल्या रचनेत आधीही बसत नव्हता.

दुसऱ्या लाटेनंतर उपचारकांकडे आणखी एक गट आला. त्यांची तक्रार पीटीएसडीसारखी दिसे, पण मुळाशी शोक होता. अंत्यदर्शन नाही, खांदा नाही, दहाव्याला चार माणसे नाहीत. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला देह दुरून पाहिलेला, आणि तो आपल्याच माणसाचा होता का ही शंका. दीर्घकाळ न शमणाऱ्या शोकाला जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या वर्गीकरणात स्वतंत्र विकार म्हणून जागा मिळाली आहे. मृत्यूला किमान सहा महिने होऊनही तळमळ तशीच असेल तर त्याचा विचार होतो. त्यावरच्या उपचारांत रुग्ण गेलेल्या माणसाशी कल्पनेत बोलतो, राहून गेलेले सांगतो, आणि राहिलेले विधीही करता येतात. वर्षश्राद्धाला सगळे नातेवाईक बोलावून दहाव्याला व्हायचे ते रडणे तेव्हा होऊ देणे, हा उपाय बऱ्याच कुटुंबांनी कुणी न सांगताच केला.

या काळात उपचारकही त्याच साथीत होते. सप्टेंबर २००१ च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर न्यूयॉर्कच्या समुपदेशकांबद्दल जे लिहिले गेले, तेच इथे मोठ्या प्रमाणावर घडले : रुग्ण आणि उपचारक दोघांवर एकच आघात. वडिलांना खाट मिळेल का याची फोनाफोनी थांबवून उपचारक सत्राला बसे, आणि समोरचा रुग्णही तेच सांगत असे. स्वतःबद्दल किती सांगावे, याचे जुने नियम त्यामुळे सैल झाले. ‘तुमच्या घरी सगळे बरे आहेत ना?’ या रुग्णाच्या प्रश्नाला पूर्वी ‘हे का विचारावेसे वाटले?’ असा प्रतिप्रश्न मिळे. महासाथीत तो उद्धटपणा ठरला असता. डीबीटीत उपचारकांची आठवड्याची बैठक हा उपचाराचाच भाग मानतात, आणि ज्या गटांनी ती ऑनलाइन चालू ठेवली त्यांच्या हाताशी हा आधार आयताच होता.

जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितले, की महासाथीच्या पहिल्या वर्षात जगात चिंता आणि नैराश्य २५ टक्क्यांनी वाढले. व्यक्तिमत्त्व विकारांची अशी जागतिक मोजणी झालेली नाही. भारताच्या २०१५–१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीतही त्यांना जवळपास जागा नव्हती. त्याच पाहणीने मानसिक आजार असलेल्यांपैकी ७० ते ९२ टक्के लोक उपचारांविना राहतात असे नोंदवले होते. ही दरी भरण्यासाठी १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेली-मानस’ ही चोवीस तासांची सरकारी सेवा सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. पहिला फोन समुपदेशक घेतो आणि गरज दिसली तर मनोविकारतज्ज्ञाकडे किंवा जवळच्या जिल्हा रुग्णालयाकडे पाठवतो. संकटाच्या रात्रीसाठी ही सोय चांगली आहे. बॉर्डरलाइन किंवा कॉम्प्लेक्स पीटीएसडीचा वर्षभराचा उपचार मात्र एकाच उपचारकाकडे, ठरलेल्या वारीच व्हावा लागतो. तो आजही मुख्यतः खासगी आहे आणि मुंबई-पुण्यात एकवटला आहे. महासाथीनंतर एवढेच बदलले, की जळगाव किंवा सावंतवाडीच्या रुग्णाला, फी परवडत असेल आणि घरात कडी लागणारी एक खोली असेल, तर तो घरबसल्या मिळू शकतो.